कुत्रा मोठ्या शहरात आणलाय? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

हे प्रश्न मला सतत येत असतात. कुणी शेतावरून कुत्रा आणलेला असतो, कुणी शेल्टरमधून दत्तक घेतलेला असतो, कुणाची बदली झालेली असते आणि घरच्यांबरोबर कुत्राही अकराव्या मजल्यावर राहायला आलेला असतो. माझी तांबू अशीच आली, दोन वर्षांची असताना, मोकळ्या शेतातून थेट नवव्या मजल्यावर. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं तिच्याबरोबर शिकलेलं आहे, उरलेलं डॉक्टर आणि ट्रेनर लोकांना विचारून विचारून. एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक उत्तरात येईल म्हणून आधीच सांगते, अख्खं शहर त्याच्यापुढे एकदम ओतू नका. एक जिना, एक कोपरा, एक गल्ली असं थोडं थोडं द्या आणि पुढे कधी सरकायचं ते त्याला ठरवू द्या.

१. कुत्र्याला शहरात रुळायला साधारण किती दिवस लागतात?

दत्तक देणारे लोक एक ठोकताळा सांगतात, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस तो नुसता भांबावलेला असतो, जेवण कमी, झोप उडालेली, पलंगाखाली जाऊन बसणं. तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक त्याच्या लक्षात येतं, जेवण कधी, बाहेर कधी, कोण किती वाजता घरी येतं. तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. पण हा ठोकताळा घराचा आहे, रस्त्याचा नाही. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना जे जे बघतं-ऐकतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचंच वाटतं, आणि त्या वयात ज्याने बस, सायरन, लिफ्ट काही बघितलेलंच नाही त्याला मोठेपणी हे सगळं शिकायला वेळ लागतो. शिकता येतं, नक्की येतं. तांबूला मुख्य रस्ता शेपूट खाली न घालता ओलांडायला आठ महिने लागले, आणि मला सांगितलेलं होतं की दोन आठवड्यांत होईल, त्यामुळे मधले कितीतरी महिने मी उगाच काळजीत काढले. तुम्ही तसं करू नका.

२. पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं? सगळा परिसर फिरवून दाखवायचा का?

नाही, अजिबात नको. पहिल्या दिवशी त्याला फक्त दोन जागा कळल्या तरी खूप झालं, झोपायची जागा आणि शी-शूची जागा. शक्य असेल तर घरी आणायची वेळच अशी निवडा की रस्त्यावर वर्दळ कमी असेल. घरात एक कोपरा त्याचा ठरवा, दारापासून आणि रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब, आणि तिथे त्याचं जुनं अंथरूण न धुता टाका. कुत्र्याच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी २० कोटींच्या वर असतात, आपल्या नाकात ५०-६० लाख, तेव्हा तो जुना मळका वास त्याच्यासाठी केवढा मोठा आधार असेल बघा. आंघोळ लगेच घालू नका. जेवण आधी जे खात होता तेच ठेवा, बदलायचंच असेल तर पुढे सात-आठ दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. आणि नातेवाईक, शेजारी, त्यांची मुलं, सगळ्यांना सांगा की आठवडाभराने या. खाली न्यायचं ते फक्त शी-शूसाठी, दरवेळी त्याच वाटेने, त्याच जागी.

३. तो घाबरलाय का नुसता हट्टीपणा करतोय, हे कसं ओळखायचं?

रस्त्यात बसून राहणारा कुत्रा दहातल्या नऊ वेळा हट्ट करत नसतो. शेपूट पायात, कान मागे, थरथर हे सगळ्यांना कळतं, पण त्याच्या आधीच्या खुणा निसटतात. खायला काही नसताना जिभल्या चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, गरम होत नसताना धापा टाकणं, मान वळवून डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तिरकं बघणं, अंग कोरडं असताना झाडणं, अचानक केस खूप गळणं. सगळ्यात सोपं मोजमाप म्हणजे खाऊ. घरी ज्या चिकनच्या तुकड्यासाठी उड्या मारतो तोच तुकडा बाहेर नाकासमोर धरला तरी घेत नसेल, किंवा घेतला पण बोटांना दात लागतील इतक्या घाईने ओढला, तर समजा की हे त्याच्या सहनशक्तीच्या बाहेर चाललंय. तिथून मागे फिरा.

४. ट्रॅफिकच्या आवाजाला प्रचंड घाबरतो, बिल्डिंगच्या गेटच्या बाहेर पाऊलच टाकत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्याला काय ऐकू येतं ते समजून घ्या. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंत. ब्रेकच्या करकरीतले, मोटारींच्या शिट्टीतले कितीतरी बारीक आवाज आपल्या कानाला पोचतच नाहीत आणि त्याला मात्र लख्ख ऐकू येतात, शिवाय धूर, रबर, गटार, शंभर माणसं आणि वीस कुत्री यांचा वास एकाच वेळी.

'चल रे, होईल सवय' म्हणत ओढत गर्दीत नेलं की होतं काय, कुत्रा गप्प होतो. लोकांना वाटतं शांत झाला, पण बऱ्याचदा तो भीतीने गारठलेला असतो, आणि पुढच्या वेळी गेटच काय, घराच्या दारातूनच परत फिरतो.

करायचं ते असं. रस्त्यापासून इतक्या लांब उभे रहा की त्याला गाड्या दिसतात, ऐकू येतात, पण तो खाऊ घेतोय आणि तुमच्याकडे बघतोय. ते अंतर पन्नास मीटर असेल, शंभर असेल, काहींच्या बाबतीत सुरुवात घरातल्या खिडकीपासून करावी लागते. तिथे थांबा, गाडी येऊ द्या, त्याने ऐकलं की लगेच खाऊ द्या. गाडी गेली, खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे, आधी आवाज आणि मग खाऊ. बरेच जण उलटं करतात, खाऊ दाखवून रस्त्यापर्यंत नेतात, मग खाऊची पिशवी निघाली की कुत्र्याला कळतं की आता काहीतरी वाईट होणार. पावलोवने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुत्र्यांच्या लाळेवरून दाखवलं तेच हे, जे आधी येतं ते पुढच्या गोष्टीची वर्दी देतं. आपल्याला हॉर्न ही चिकनची वर्दी करायची आहे.

एका वेळी पाच ते दहा मिनिटं, बास. दोन-तीन दिवस सलग आरामात गेले की दहा पावलं पुढे. घाबरला की पंधरा पावलं मागे, काही बिघडत नाही.

तांबूला गाड्यांची तितकी नाही पण बस थांबताना ब्रेकमधून हवा सुटते तो फुस्स आवाज भयंकर वाटायचा. साप फुसकारल्यासारखं वाटत असेल का कोण जाणे. आम्ही बसस्टॉपच्या समोर, बागेच्या आतल्या कठड्यावर रोज संध्याकाळी बसायचो. फुस्स, तुकडा. फुस्स, तुकडा. तिसऱ्या आठवड्यात एक बस आली, फुस्स झालं आणि तिने बसकडे न बघता मान वळवून माझ्या खिशाकडे बघितलं. हे असं बघायला लागला की समजा गाडी रुळावर आली, आता अंतर कमी करता येईल.

एकाच दिवशी सायरनला घाबरला, मग कुत्रा अंगावर आला, मग दारात कुणीतरी जोरात काही आपटलं, असं झालं तर ताण साठत जातो आणि संध्याकाळी एरवी न घाबरणारा कुत्रा झाडूला पण घाबरतो. अशा दिवसानंतर एक-दोन दिवस मोठ्या फेऱ्या बंद ठेवा, फक्त शी-शू आणि घरातले खेळ.

५. घाबरल्यावर जवळ घेतलं तर त्याची भीती वाढते असं म्हणतात. खरं का?

नाही. भीती ही भावना आहे, बसायला सांगितल्यावर बसणं ही कृती आहे. कृतीला बक्षीस दिलं की ती वाढते, भावना तशी वाढत नाही. तो तुमच्या पायाशी येऊन चिकटत असेल तर हात फिरवा, हळू बोला, खुशाल बसू द्या. फक्त तो लपायला बघत असेल तर ओढून मांडीवर घेऊ नका, आणि तुम्ही स्वतः घाबऱ्या आवाजात 'अरे बापरे काय झालं' करू नका.

६. लिफ्टमध्ये यायलाच तयार नाही, आणि आम्ही वरच्या मजल्यावर राहतो.

त्याच्या बाजूने बघा, भिंत सरकते, एक छोटी पेटी उघडते, आत गेलं की जमीन हलते आणि दार उघडल्यावर जग बदललेलं असतं. गर्दी नसताना लिफ्ट थांबवून धरा, दुसऱ्या माणसाला बटण दाबून ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी दारासमोर खाऊ, दुसऱ्या दिवशी उंबरठ्यावर, मग आत दोन तुकडे आणि परत बाहेर. दार बंद न करता. मग दार बंद-उघड, मग एक मजला. तोपर्यंत जिना, नाहीतर लहान असेल तर उचलून. गुळगुळीत चकचकीत फरशीला पण कुत्री घाबरतात, तेव्हा तो लिफ्टला घाबरतोय का तिच्या आतल्या फरशीला ते एकदा बघून घ्या, पायपुसणं टाकून बघितलं की कळतं. घरात सुद्धा त्याच्या नेहमीच्या वाटेवर सतरंजी किंवा मॅट टाका आणि नखं वेळच्या वेळी कापा, पाय सरकले नाहीत तर निम्मा आत्मविश्वास तिथेच येतो.

आणि एक गोष्ट कृपया कधीही विसरू नका. लिफ्टचं दार बंद होताना कुत्रा आत आणि पट्टा धरलेला माणूस बाहेर, किंवा उलटं, असे जीवघेणे अपघात खरोखर होतात. पट्टा अगदी आखूड धरा, कुत्रा तुमच्या पायाला लागून, आणि दोघं एकदमच आत-बाहेर. मोबाईल तेवढा वेळ खिशात.

७. त्याला मातीवर, गवतावरच शी-शू करायची सवय आहे. इथे सगळं काँक्रीट, तो बारा-बारा तास धरून ठेवतो!

पायाखाली काय आहे यावरून कुत्रा जागा ठरवतो, त्यामुळे जन्मभर मातीवर करणाऱ्याला फरशीवर करणं म्हणजे घरातच केल्यासारखं वाटतं. आधी आसपास मातीचा एखादा तुकडा शोधा, झाडाचं आळं, मैदानाची कड, काहीही. तिथेच पट्टा धरून कंटाळा येईपर्यंत उभे रहा, इकडेतिकडे फिरवू नका. केलं की त्याच क्षणी खाऊ आणि कौतुक, घरी आल्यावर नाही. झाल्या झाल्या लगेच परत घरी आणू नका, नाहीतर त्याला वाटतं शू केली की फिरणं संपतं, मग तो मुद्दाम लांबवतो. माती मिळतच नसेल तर मोठ्या ट्रेमध्ये गवताचा तुकडा ठेवून सुरुवात करा आणि तो ट्रे हळूहळू काँक्रीटच्या जागेपर्यंत न्या, त्याच्या शूला लावलेला कागद तिथे ठेवला तर वास मदत करतो.

बारा तास धरून ठेवणं एखाद्या वेळी नव्या जागी होतं, पण चोवीस तास होत आले, किंवा जोर करतोय आणि शू येत नाहीये असं दिसलं तर थेट डॉक्टरकडे न्या. मोठ्या कुत्र्याला दिवसातून तीन-चार वेळा तरी बाहेर नेलंच पाहिजे. पिल्लाचं गणित वेगळं, जितक्या महिन्यांचं तितके तास आणि वर फार तर एक. आणि शी उचलायची, पिशवी नेहमी बरोबर, पावसात सुद्धा.

८. पिल्लाचे डोस अजून पूर्ण झाले नाहीत. डॉक्टर म्हणतात बाहेर नेऊ नका, ट्रेनर म्हणतो आत्ताच जग दाखवा. कुणाचं ऐकू?

दोघंही बरोबर आहेत, म्हणून घोळ होतो. लस साधारण ६-८ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर २ ते ४ आठवड्यांनी, पिल्लू निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि पिल्लाचा जीव घेतो, त्यामुळे जिथे अनोळखी कुत्री येतात-जातात त्या जमिनीवर त्याला ठेवायचं नाही. पण शिकायचा काळ (प्रश्न १ मध्ये लिहिलाय तो) तोवर संपत आलेला असतो. उपाय सोपा, उचलून न्या. कडेवर, झोळीत, पाठीवरच्या बॅगेत. बाकावर मांडीवर घेऊन बसा, बस, सायकल, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, चाकाची बॅग ओढणारी बाई, काठी टेकणारे आजोबा, सगळं लांबून दाखवा आणि खाऊ द्या. ज्यांच्या मोठ्या कुत्र्याला सगळ्या लसी आहेत अशांच्या घरी खेळायला न्या. दिवसाला दहा मिनिटं पुरे, पिल्लाला १८ तास झोप पण लागते.

९. फ्लॅट लहान आहे. मोठा कुत्रा राहील का? आणि रोज किती फिरवायचं?

घराच्या चौरस फुटांपेक्षा त्याचा दिवस कसा जातो हे महत्त्वाचं. मोठ्या बंगल्यात एकटा बसलेला कुत्रा जास्त दुःखी असू शकतो. बऱ्याच मोठ्या जातींची कुत्री घरात पसरून झोपतात, उलट कामासाठी पैदास केलेली चपळ मध्यम आकाराची कुत्री लहान घरात वेडी होतात.

फिरण्याचं म्हणाल तर किलोमीटर मोजणं सोडा. रोज एक तरी फेरी अशी ठेवा ज्यात पट्टा सैल, घाई नाही, तो जिथे थांबेल तिथे थांबायचं आणि हवा तेवढा वेळ हुंगू द्यायचं. एका खांबावर पाच मिनिटं गेली तरी चालतील. २०१९ मध्ये शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी केलेल्या अभ्यासात दोन आठवडे नाकाने शोधायचे खेळ खेळलेली कुत्री नंतरच्या चाचणीत जास्त आशावादी वागताना दिसली, म्हणजे समोरच्या वाडग्यात खाऊ असेल का नसेल हे माहीत नसताना ती लवकर पुढे गेली. घरातसुद्धा जेवणातला अर्धा भाग जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून द्या. वीस मिनिटं नाक चालवलं की तो जो झोपतो ना, तसा धावून पण झोपत नाही.

१०. कॉलर घ्यावी का हार्नेस? आणि चिप बसवली की हरवला तर कुठे आहे ते कळतं ना?

शहरात नव्या कुत्र्याला दोन्ही. घाबरलेला कुत्रा पुढे पळत नाही, तो मागे सरकतो आणि मान काढून घेतो, साधी कॉलर क्षणात निघते. छातीवर वाय आकाराचा पट्टा येईल असा हार्नेस घ्या, पट्टा हार्नेसला आणि एक छोटी दोरी कॉलरला पण अडकवा. कॉलरमध्ये दोन बोटं जातील इतकीच सैल. पट्टा दीड-दोन मीटरचा, ठरलेल्या लांबीचा. बटण दाबून लांब होणारा पट्टा ट्रॅफिकमध्ये नको, कुत्रा रस्त्याच्या मधोमध पोचल्यावर तो आखडता येत नाही आणि हातातून पडला तर तो प्लास्टिकचा मोठा डबा खडखडत मागे येतो, कुत्रा अजूनच जीव तोडून पळतो.

चिपमध्ये जीपीएस नसतं. कातडीखाली बसवतात त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये फक्त १५ आकडी नंबर असतो, कुणीतरी स्कॅनर लावला आणि नोंदणीत तुमचा आत्ताचा फोन नंबर असला तरच उपयोग. घर बदललं की नंबर अपडेट करायचा राहतोच लोकांचा, आज करून टाका. कॉलरवर फोन नंबरचा बिल्ला हवाच. आत्ता या क्षणी तो कुठे आहे ते कळायला हवं असेल तर वेगळा जीपीएस ट्रॅकर लागतो.

सुटलाच तर त्याच्या मागे धावू नका. खाली बसा, अंग तिरकं करा, नेहमीच्या आवाजात बोला, खाऊ जमिनीवर टाका.

११. रस्त्यावर पडलेलं काहीही उचलून खातो. तोंडातून काढायला गेलं तर गुरगुरतो.

तोंडात हात घालून ओढलं की तो गिळायची घाई करायला शिकतो. घरात 'सोड' शिकवा, तोंडात खेळणं असताना नाकाशी त्याहून चांगलं काही धरा, सोडलं की ते द्या आणि खेळणं सुद्धा परत द्या. शंभर वेळा घरात, मग बाहेर. तोवर ज्या रस्त्यावर उकिरडा आहे तिथे श्वास घेता येईल, पाणी पिता येईल असं जाळीचं मझल (तोंडावर बसवायची जाळी) लावायला लाजू नका.

शहरातल्या धोक्याच्या गोष्टी: शिजवलेली हाडं, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगम, ज्याने अर्ध्या तासात रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते, गाडीतून गळलेलं गोड चवीचं कूलंट आणि उंदराचं औषध. या शेवटच्याबद्दल खास सांगते. उंदराच्या बऱ्याच औषधांनी रक्त गोठणं थांबतं आणि लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, तोपर्यंत कुत्रा ठणठणीत वाटतो. खाल्लं असा नुसता संशय असला तरी त्याच तासाला डॉक्टरकडे, पाकीट सापडलं तर बरोबर घेऊन. घरी मीठ पाजून उलटी काढायला जाऊ नका. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसांनाही होतो, त्याच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

१२. आम्ही कामाला गेलो की सतत भुंकतो, शेजारी तक्रार करतात.

आधी जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून जा. भुंकणं तीन वेगवेगळ्या कारणांनी असतं आणि उपाय पण वेगळे. जिन्यात पावलं वाजली की भुंकतो आणि मग झोपतो, तर तो राखण करतोय, त्याची जागा दारापासून आत हलवा, पंखा किंवा हळू संगीत लावा. (२०१७ साली स्कॉटलंडमध्ये शेल्टरच्या कुत्र्यांना पाच प्रकारचं संगीत ऐकवून बघितलं, त्यात सॉफ्ट रॉक आणि रेगे यांचा सगळ्यात चांगला परिणाम दिसला.) मधूनच उठून, वस्तू कुरतडत भुंकतो, तर कंटाळा, प्रश्न ९ मधले नाकाचे खेळ वाढवा. पण तुम्ही गेल्यापासून अर्ध्या तासातच येरझाऱ्या, लाळ, दार ओरबाडणं, रडल्यासारखं ओरडणं असेल तर ती एकटं राहण्याची खरी भीती आहे. तिथे हाडूक देऊन पळ काढणं चालत नाही. एकटं राहणं सेकंदांपासून शिकवावं लागतं, दाराबाहेर पाच सेकंद, परत आत, दहा सेकंद, परत आत, तो घाबरायच्या आधी परत यायचं. हे चालू असताना प्रत्यक्षात तो एकटा पडू नये म्हणून महिना-दोन महिने कुणाची तरी सोबत लागते, आणि सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

शेजाऱ्यांना आपण होऊन जाऊन सांगा की नवीन आहे, शिकवतोय, जास्त त्रास झाला तर मला फोन करा. निम्मा राग तिथे जातो.

१३. बाहेर दुसरं कुत्रं दिसलं की पट्ट्याला झेप घेऊन भुंकतो. आणि मोकळी कुत्री अंगावर येतात तेव्हा काय करायचं?

पट्ट्यावर असलेल्या कुत्र्याला पळून जायचा रस्ता नसतो, म्हणून तो आधीच आरडाओरडा करतो. प्रश्न ४ मधलीच पद्धत, गाडीच्या जागी कुत्रा समजा. शिवाय 'मागे फिर' हा एक शब्द घरात पक्का शिकवून ठेवा, म्हटलं की दोघांनी वळायचं आणि खाऊ. अरुंद फुटपाथवर उभी गाडी आडोसा म्हणून फार कामाला येते. समोरच्याला मोठ्याने सांगा की आमचा घाबरतो, लांब रहा, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

मोकळ्या कुत्र्यांचा आपापला टापू असतो आणि तो बहुतेक बदलत नाही, आठवडाभर बघून तुमची वाट त्याच्या कडेने ठरवा. आलीच तर पळू नका, तुमच्या कुत्र्याच्या आणि त्यांच्या मध्ये तुम्ही उभे रहा, पट्टा आखूड पण ताणलेला नाही, मूठभर खाऊ त्यांच्या दिशेने जमिनीवर फेका आणि तिरकं चालत निघा. आमच्या गल्लीतली चौघं आता तांबूकडे बघत पण नाहीत. चावा बसला, तुम्हाला किंवा त्याला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

१४. उन्हाळ्यात किती वाजता फिरवावं?

घड्याळापेक्षा हात लावून बघा. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा, नाही टेकवता आली तर त्याच्या पंजांना पण भाजणार. डांबर सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेलं राहतं, त्यामुळे पहाट सगळ्यात चांगली. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना धापा टाकून अंग थंड करताच येत नाही नीट, त्यांना जास्त जपा. अतिशय धापा, लाळ, झोकांड्या दिसल्या तर सावलीत नेऊन लगेच साधं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि मग दवाखान्यात न्या. आधी गार करायचं, मग निघायचं.

१५. फटाके वाजतात त्या रात्री काय करू?

संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, कारण फटाक्यांच्या रात्री पट्टा तोडून पळणारी कुत्री खूप असतात. खिडक्या, पडदे बंद, पंखा किंवा टीव्ही चालू, बाल्कनीचं दार कुलूप लावून बंद. त्याला बाथरूममध्ये किंवा कपाटामागे बसायचं असेल तर तिथेच अंथरूण टाका. प्रत्येक धडाक्यानंतर आवडीचा खाऊ, खात असेल तर. जो खातच नाही, तासन्तास थरथरतो, त्याच्यासाठी प्रश्न १७ बघा, पण त्या रात्री नाही, निदान दोन आठवडे आधी.

१६. दोन वर्षं मस्त राहिला, आता अचानक आवाजांना घाबरायला लागलाय. असं का?

आधी दुखणं शोधा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या कुत्र्यांना सांधे किंवा स्नायूंचं दुखणं होतं, त्यांची आवाजाची भीती बऱ्याच मोठ्या वयात सुरू झालेली होती. दचकलं की स्नायू आखडतात, दुखतं, आणि आवाजाशी दुखणं जोडलं जातं. जिना चढताना थांबतो का, बसताना एक पाय बाहेर टाकतो का, उडी मारायच्या आधी विचार करतो का, याचे छोटे व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, दवाखान्यात कुत्री दुखणं लपवतात. म्हाताऱ्या कुत्र्यात नजर आणि कान कमी झाल्यानेही असं होतं.

१७. भीतीसाठी औषध देणं चुकीचं आहे का?

नाही. मेंदू सतत धोक्याच्या घंटेवर असेल तर शिकवलेलं आत जातच नाही, औषधाने ती घंटा जरा हळू होते आणि मग प्रश्न ४ मधला सराव लागू पडतो. मी तांबूला तीन महिने उशिरा औषध सुरू केलं याचं मला आजही वाईट वाटतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. माणसांची झोपेची गोळी अंदाजाने कधीच देऊ नका. आणि नुसतं अंग सुस्त करणारं औषध दिलं तर कुत्रा पडून राहतो पण आतून घाबरलेलाच असतो, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा की याने भीती कमी होते का फक्त गुंगी येते.

१८. सहा महिने सगळं करून बघितलं, काहीच फरक नाही. परत पाठवावं का?

फरक खरंच नाही का, ते आधी वहीत बघा. रोज एक ओळ लिहा, किती अंतरावर खाऊ घेतला, किती वेळात शांत झाला. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, तीन महिन्यांची वही वाचली की दिसतो. वही पण तेच सांगत असेल तर जागा बदलायचा विचार करा, त्याच शहरात शांत गल्लीतलं, खालच्या मजल्यावरचं घर पुष्कळदा पुरतं. वर्तनाचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरला एकदा दाखवा.

आणि एवढं सगळं करूनही तो रोज थरथरतच जगत असेल, जेवत नसेल, बाहेर जाणं ही रोजची शिक्षा असेल, तर त्याच्यासाठी शांत ठिकाणचं, तुमच्या माहितीतलं घर शोधणं यात त्याला टाकून दिल्यासारखं काही नाही. माझ्या ओळखीच्या एका घरातल्यांनी हे केलं, रडत रडत केलं. जाताना त्याचं अंथरूण, वाडगा, वापरता पट्टा आणि तुमचा एक न धुतलेला टी-शर्ट बरोबर द्या, काय खातो, कशाला घाबरतो, कुठे खाजवलेलं आवडतं ते सगळं कागदावर लिहून द्या, आणि पहिले दोन-तीन दिवस जमलं तर तुम्ही पण तिथेच रहा.